बिडी सोडल्याचा सत्कार

राजेश्वरीला माणसं फारशी पटत नसत, आणि ते तोंडावर दाखवायला ती कचरतही नसे. तिचं माहेर मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेवर. तिथली माणसं चार महिने पावसात भिजतात, पण बोलतात कमी. लग्न होऊन ती इस्लामपूरच्या पलीकडे उसाच्या गावात आली तेव्हा सासरच्या बायकांनी ‘डोंगरातली’ म्हणून नाकं मुरडली. तिनं त्या नाकांकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. तिच्या मते इथल्या बाप्यांना कामं दोनच. उसाला पाणी सोडून झोपायचं, आणि झोप झाली की पुढारी व्हायचं.

तिचा नवरा आकाराम या दोन्हींत बसत नव्हता, म्हणून तो तिला पसंत होता. तो पलटणीत होता. सुट्टीवर आला की कुणी न सांगता गोठा झाडायचा, विहिरीवरच्या मोटरीचा फुटव्हॉल्व्ह खोलून साफ करायचा आणि चावडीवर बसून युद्धाच्या थापा मारायचा नाही. मग उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड चौकीवर त्याला आवाज ऐकू यायला लागले. आधी साहेबाचा, मग मेलेल्या बापाचा, मग सगळ्या गावाचाच. एका दुपारी तो हातातली बंदूक नीट भिंतीला टेकवून ठेवून बर्फातून चालत निघाला. पलटणीच्या दवाखान्यानं त्याला बरेच महिने ठेवून घेतलं आणि नोकरीतून मोकळा करून घरी पाठवलं.

त्या वेळी राजेश्वरीचे भाऊ मेढ्याहून गाडी घेऊन तिला न्यायला आले होते. वेड्याच्या घरात पोरीचं आयुष्य का घालवायचं, असं त्यांचं म्हणणं. तिनं त्यांना पाटावर बसवलं, पोटभर वाढलं आणि तसंच परत लावून दिलं.

आता वेड्यावरचं औषध ठाऊक नाही असा माणूस गावात औषधाला सापडत नाही. कुणी दोरा बांधायला सांगितला, कुणी देवाला बोकड. चुलत सासऱ्यानं तर दुसरं लग्न लावा, डोकं जाग्यावर येतं, असा तोडगा काढला होता. तो स्वतःच्या दुसऱ्या बायकोला घाबरून देवळात झोपायचा. राजेश्वरीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि आकारामला सांगलीला मनोविकाराच्या डॉक्टरकडे नेलं. चारुशीला मॅडम म्हणून बाई होत्या. आवाज बारीक, पण बोलणं खुंट्याला बांधल्यासारखं पक्कं.

पहिल्या दोन औषधांनी आवाज हटले नाहीत. तिसरं लागू पडलं. क्लोझापीन म्हणून गोळी. ती घ्यायला लागल्यावर कधीतरी एका सकाळी आकाराम अंगणात चहा पीत बसला होता आणि एकदम म्हणाला, आज कावळ्याचा आवाज कावळ्यासारखा येतोय. राजेश्वरी भाकरी थापत होती. ती थापतच राहिली, पण तव्यावरची भाकरी करपली.

त्या गोळीला नियम फार. रक्त तपासत राहायचं, कारण क्वचित कुणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिच्यानं घसरतात. पोट साफ होतंय का बघायचं. मनानं कमीजास्त करायची नाही, मनानं बंद तर अजिबात नाही. आणि चुकून दोन दिवसांच्या वर खंड पडलाच तर जुन्या मापानं परत सुरू न करता आधी विचारायचं. मॅडम हे सगळं राजेश्वरीला न सांगता आकारामलाच समोर बसवून सांगत. राजेश्वरी तोवर खाली औषधाच्या दुकानात रांगेला असायची. आकाराम पाठ ताठ करून ऐकायचा आणि मॅडमनी विचारलं की सगळं परत म्हणून दाखवायचा. पलटणीत हुकूम असाच घेतात. घरी गोळ्यांचा डबा त्याच्याच ताब्यात असे, आणि त्याला आठवण करायची पाळी राजेश्वरीवर कधी आली नाही.

एक बिडी तेवढी त्याला सुटत नव्हती. उठल्यापासून झोपेपर्यंत एक विझली की दुसरी. बोटं हळदीच्या गड्ड्यासारखी पिवळी, गोधडीला जिथं तिथं भोकं. राजेश्वरी त्यावरून त्याला फाडून खायची. तो हसायचा आणि उठून गोठ्यामागं जाऊन ओढायचा.

दिग्विजय म्हणजे आकारामच्या थोरल्या भावाचा मुलगा. एकाच अंगणात पलीकडच्या दारात राहायचा. लहानपणी त्याला राजेश्वरीनंच मांडीवर घेऊन भरवलं होतं, आणि पुढं याचं काय होणार हे कळलं असतं तर तो घास आपणच खाल्ला असता, असं ती म्हणे. त्याला जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं. त्यासाठी पांढरे कडक कपडे, एक जुनी जीप आणि स्वतःच्याच नावाचं मंडळ एवढी तयारी झाली होती. लोकांसाठी काहीतरी केलेलं दाखवायचं राहिलं होतं. म्हणून त्यानं व्यसनमुक्तीचा कार्यक्रम काढला. स्टेज, मांडव, मोठा फलक. फलकावर दिग्विजयचा चेहरा एवढा मोठा की व्यसनमुक्तीला कोपऱ्यात अंग चोरून बसावं लागलं होतं.

अडचण एवढीच की स्टेजवर येऊन व्यसन सोडणारं कुणी मिळेना. गावात पिणारे कमी नव्हते, पण पिणाऱ्यांच्या घरात मतं असतात. त्यांना स्टेजवर उभं करून कोण दुखावणार? आणि तंबाखूचं म्हणाल तर खुद्द दिग्विजयच्या गालात पुडी असायची. भाषणाच्या आधी तेवढी थुंकून तोंड धुऊन यायचा. मग त्याला घरातलाच माणूस आठवला. माजी सैनिक, त्यात आजारी, त्यात भोळा. लोकांच्या डोळ्यांत पाणी येणार आणि दुखावणार कुणी नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी तो अंगणात येऊन बसला आणि चुलत्याच्या खांद्यावर हात टाकून, उद्या बिडीचे कट्टे सगळ्यांसमोर विस्तवात टाकायचे, असं त्यानं सांगितलं. आकारामची म्हातारी आई दगडाबाई उंबऱ्यात बसली होती. तिनं नातवावरून बोटं मोडून दृष्ट काढली.

आकारामनं हातातली बिडी विझवली. मग म्हणाला, “टाकतो की. पण मॅडमला इचारून टाकतो. बिडी कमी करायची न्हाईतर सोडायची आसंल तर आदी मला सांगा, म्हणल्यात त्या. गोळीचं माप बदलावं लागतंय.”

दिग्विजय मांडीवर थाप मारून हसला.

“काकी, आयकलं का? बिडी सोडायला डाक्टरची परवानगी. मी तर पैल्यांदाच आयकतोय बाबा.”

दगडाबाई हसली. दिग्विजयबरोबर आलेली दोन पोरंही तोंडावर हात ठेवून हसली. राजेश्वरी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. इतकी वर्षं त्या धुराशी भांडून ती कावलेली होती, आणि तिला वाटलं, पळवाट काढतोय.

“निमित्तं सांगू नगा,” ती म्हणाली. “सुटत न्हाई, म्हणा सरळ.”

आकारामनं तिच्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. एखाद्यानं दार लावून घेतल्यावर बाहेरचा माणूस कडीकडे बघतो, तसा तो बघत राहिला. मग “बरं,” म्हणाला आणि गोठ्यामागं न जाता घरात जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्टेजवर कट्टे विस्तवात टाकले. शाल मिळाली, नारळ मिळाला. दिग्विजय माईकवर बोलता बोलता इतका गहिवरला की चुलत्याचा आजार कोणता, तो किती वर्षांचा, हे सगळं त्यानं गावासमोर उलगडून मांडलं. आकाराम मान खाली घालून उभा होता. मांडवातल्या बायका पदर डोळ्याला लावून ‘बिचारा’ म्हणत होत्या. राजेश्वरीला तो शब्द कानात खडा गेल्यासारखा टोचला, पण बिडी सुटली या आनंदात तिनं तो सोसला.

आणि बिडी खरंच सुटली. हे कुणालाच, दिग्विजयला तर मुळीच, अपेक्षित नव्हतं. त्याला फोटोपुरती सुटायला हवी होती. पण आकारामनं शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द पाळायचा ही खोड त्याला पलटणीनं लावलेली. ती कुठल्याच दवाखान्यात बरी झालेली नव्हती.

पहिले काही दिवस तो चिडचिडा होता, बडीशेप चघळत फिरायचा. मग त्याला झोप यायला लागली. जेवताना घास हातात धरून पेंगायचा. तोंडातून लाळ गळायची. ती आधीही थोडी गळायची, पण आता सकाळी उशी पिळून काढावी इतकी. जीभ जड झाली. उंबरा ओलांडताना पाय अडखळायचा. पोट तर साफच होईना. दगडाबाईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, सत्कारात नजर लागली म्हणाली. दिग्विजयनं मोबाईलवर काहीतरी वाचून दाखवलं आणि अंगातलं सगळं विष आता बाहेर पडतंय, ही चांगली खूण आहे, असं छातीठोक सांगितलं. चांगली खूण अंगणात भिंतीला धरून उभी होती आणि तिला गोठ्यापर्यंत जाता येत नव्हतं.

फोनवर बोलायला जीभ वळेना, म्हणून आकारामनं राजेश्वरीला मॅडमना फोन लावायला सांगितलं. ती म्हणाली, तलप मरतीया, दुसरं काय न्हाई. मॅडमला दावायची तारीख जवळ आलीच हाय, तवा सांगू. पुढं एकदा चूल पेटवताना तो तिच्या मागं येऊन उभा राहिला आणि जड जिभेनं तेच पुन्हा बोलला. या वेळी तिनं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि ती फोन शोधायला उठली. पण वैरणीला माणसं आली होती. उद्या सकाळी लावते, म्हणाली.

त्याच दिवशी दुपारी तो उसाच्या कडेला पाटाजवळ पडला.

शेजारच्या रानातल्या अर्जुनानं हाक मारली म्हणून ती धावली. आकारामचे दात आवळले होते, हातपाय झटके देत होते, डोळे वर गेले होते. माणसं जमली होती, आणि जमलेल्या माणसांनी जे करायचं ते चाललं होतं. एकजण कांदा फोडत होता. एकानं नाकाला लावायला पायातलं पायताण काढलं होतं. तिसरा दातांत चमचा घालायला निघाला होता. रानात त्याला चमचा मिळाला कुठून, देव जाणे. राजेश्वरीनं ते पायताण हिसकावून उसात भिरकावलं, चमचेवाल्याला ढकलून दिलं आणि नवऱ्याला कुशीवर वळवून त्याच्या डोक्याखाली आपला हात घातला. झटके थांबेपर्यंत ती तशीच चिखलात बसून होती. कांदेवाला मात्र शेवटपर्यंत कांदा धरून उभा राहिला. उतारा आपल्याच कांद्यानं पडला, असं तो अजून सांगतो.

दिग्विजय जीप घेऊन आला. आकारामला मागं झोपवलं. राजेश्वरी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गाडी रस्त्याला लागली तसं दिग्विजयनं बोलायला सुरुवात केली. हे सगळं त्या गोळ्यांनी झालं. इतकी वर्षं विष पोटात घातल्यावर दुसरं काय होणार. आजपासून गोळ्या एकदम बंद. जतच्या बाजूला एक माणूस झाडपाला देतो, त्याच्याकडे नेऊ, तो आपल्याच ओळखीतला आहे.

राजेश्वरी म्हणाली, “गाडी सांगलीला घे. न्हाईतर थांबव आन् उतर खाली, मी दुसरी बघते.”

“काकी, मी तुमच्या चांगल्यासाठीच—”

“तुझं चांगलं फलकावर बघितलंय मी. म्होरं बघून चालव.”

सांगलीला मॅडमनी आकारामला दाखल करून घेतलं. तो जागा झाला होता, पण गुंगीत होता. मॅडमनी त्याची नाडी बघितली, पोट दाबून बघितलं, डोळ्यांत उजेड टाकला, रक्त काढायला लावलं. मग अलीकडे काय बदललं, असं विचारलं. नवीन औषध, ताप, गोळ्यांत गडबड?

दिग्विजय पुढं झाला. काहीच बदललं नाही, उलट काका सुधारलेत, त्यांनी व्यसन सोडलं, असं म्हणून त्यानं मोबाईल काढला आणि विस्तवात कट्टे टाकतानाचा फोटो मॅडमच्या पुढ्यात धरला. त्या फोटोत तोच पुढं होता. आकारामचा अर्धा खांदा दिसत होता.

मॅडमनी फोटो बघितला. मग आकारामचा हात उचलून त्याची बोटं बघितली. पिवळेपणा बराच उतरला होता.

“बिडी सोडली, आणि मला कुणी कळवलं नाही,” त्या म्हणाल्या.

त्या ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून राजेश्वरीसमोर बसल्या आणि समजावून सांगायला लागल्या. बिडीच्या धुरानं अंगातलं हे औषध भराभरा निचरून जातं. आकाराम एवढी बिडी ओढायचा, ते धरूनच त्याचं माप ठरवलेलं होतं. धूर एकदम बंद झाला की निचरा मंदावतो, आणि तीच गोळी, तेवढीच गोळी, अंगात साठत जाते. झोप, लाळ, तोल जाणं, पोट बांधणं या सगळ्या त्याच्याच खुणा. साठत साठत गेली की आकडी येते. बिडी सोडण्याच्या आधी नुसता फोन आला असता तर आपण हळूहळू माप उतरवत नेलं असतं, आणि यातलं काही घडलं नसतं.

“म्हणजे मॅडम, बिडी बरी होती म्हणायची,” दिग्विजय म्हणाला. त्याला वाटलं, सापडला मुद्दा.

“नाही. बिडी सोडली हे उत्तमच झालं, आणि ती पुन्हा धरायची नाही. न विचारता सोडायला लावली हे चुकलं. आणि आता गोळ्या मनानं बंद करायचं डोक्यात असेल तर तेही काढून टाका. एकदम तोडल्या तर आजार दुप्पट जोरानं उलटतो. कमी काय करायचं, किती करायचं, ते मी इथं ठेवून करणार आहे.” मग त्या राजेश्वरीकडे वळल्या. “आकारामना मी हे सांगितलेलं होतं. त्यांनी माझ्यासमोर म्हणूनही दाखवलं होतं. ते विसरले असतील असं मला वाटत नाही.”

राजेश्वरीला खोटं बोलता आलं असतं. विसरले, म्हटलं असतं तरी चाललं असतं. आजारी माणसाच्या नावावर काहीही खपतं, हे तिला इतक्या वर्षांत कळून चुकलं होतं.

“इसरले न्हाईत,” ती म्हणाली. “त्यांनी सांगितलं हुतं. आमी आयकलं न्हाई.”

दिग्विजयला एकदम कुठलीशी बैठक आठवली आणि तो गेला.

मॅडमनी औषध काही वेळ थांबवून मग कमी मापानं दिलं, रोज तपासलं, पोटासाठी वेगळं औषध दिलं. आकारामची गुंगी हळूहळू उतरली. एका दुपारी तो उठून बसला, राजेश्वरीनं आणलेल्या डब्यातली आमटी प्यायला आणि खिडकीबाहेरच्या रिक्षांची भांडणं ऐकत राहिला. वॉर्डात बाकी सगळे पेंगत होते.

राजेश्वरी त्याच्याशी त्या विषयावर बोलायचं टाळत होती. तिला ते जमत नव्हतं. दुसऱ्याला नावं ठेवायला तिच्या जिभेला कधी आढेवेढे लागले नव्हते, पण स्वतःवर आली तशी ती जीभ अंग चोरायला लागली. शेवटी तिनं डब्याचं झाकण लावता लावता विचारलं.

“तुमास्नी ठावं हुतं. मग त्या दिशी जरा जोरात का न्हाई सांगितलंत?”

आकाराम आमटीचा हात पुसत होता. 

“जोरात सांगितलं आसतं,” तो म्हणाला, “तर तुमीच म्हणला आसता, ह्याला परत झटका आलाय.”

राजेश्वरी डबा उचलून उठली. खाली जाऊन तिनं नळावर डबा धुतला. तिथं उभी असताना तिला गावातली सगळी तोंडं आठवली. दोरेवाला, बोकडवाला, कांदेवाला, मांडवात ‘बिचारा’ म्हणणाऱ्या बायका. या सगळ्यांपेक्षा आपण डोंगराएवढ्या उंच आहोत असं मानून ती तिथं नांदली होती. आणि वेड्याचं काय ऐकायचं, हे जेव्हा ठरवायची वेळ आली तेव्हा ती त्यांच्याच ओळीत, सगळ्यांच्या पुढं उभी होती. तिनं डबा इतका घासला की नळावर नंबर लावून उभ्या असलेल्या बाईनं तिला हटकलं.

आकाराम घरी आला तोवर दिग्विजयनं गावात सांगून टाकलं होतं की काकांना गोळ्यांनी मारलं असतं, आपण वेळेवर जीप आणली म्हणून वाचले. गावालाही ते पटलं; बिडी सोडून माणूस आजारी पडतो यापेक्षा डॉक्टरनं पाडला हे ऐकायला बरं वाटतं. पिठाच्या गिरणीत दोघीतिघींनी राजेश्वरीला, आता तरी त्या गोळ्या सोडव, असा सल्ला दिला. एक म्हणाली, आमच्या ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी बंदच केल्या, काही होत नाही. राजेश्वरीनं तिला, तुमचे हे सध्या कुठं आहेत, असं विचारलं. नवरा अर्धांग होऊन आतल्या खोलीत पडून आहे हे सगळ्या गिरणीला ठाऊक होतं. त्या दिवशी राजेश्वरीचं दळण लवकर झालं.

दिग्विजय मात्र हार मानणारा नव्हता. शेजारच्या गावात दुसरा कार्यक्रम ठरला, आणि बिडी सोडलेला माणूस तर पुराव्याला हवा. तो परत अंगणात येऊन चुलत्याच्या खांद्यावर हात टाकून बसला. काकांनी फक्त उभं राहायचं, बाकी आपण बोलू, असं त्याचं म्हणणं.

राजेश्वरीचं तोंड उघडलंच होतं. पण आकारामनं तिला हातानं थांबवलं.

“येतो की,” तो म्हणाला. “पर माईक माझ्या हातात द्यायचा. बिडी कशी सोडायची, आदी कुणाला इचारायचं, आन् न इचारता सोडायला लावली तर काय हुतंय, त्ये मी सांगतो. तू कडंला उभा ऱ्हा.”

दिग्विजयनं खांद्यावरचा हात काढला. कार्यक्रमाची तारीख पुढं गेली आहे, नक्की झाली की कळवतो, म्हणाला. शेजारच्या गावात त्या कार्यक्रमाला कुणी व्यसन सोडलं ते माहीत नाही. फलक मात्र बरेच दिवस होता.

पुढं थंडीत ऊसतोड सुरू झाली. कारखान्याच्या टोळीची वाट बघून गावातल्या माणसांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आलेली असते, आणि टोळी येते तेव्हा घरात मयत झालं तरी माणूस रान सोडत नाही. राजेश्वरीच्या रानात टोळी आली त्याच सकाळी आकाराम घसा धरून उठला. गिळताना दुखत होतं. अंगाला ताप होता. साधाच, कुणालाही थंडीत येतो तसला.

दगडाबाईनं हळद घालून दूध तापवलं आणि उसाच्या धुळीनं घसा धरलाय म्हणाली. बाहेर गाड्या उभ्या होत्या, कोयते पाजळले जात होते, टोळीचा मुकादम गुंडा हाका मारत होता. आकारामनं दुधाचा पेला हातात घेतला आणि राजेश्वरीला म्हणाला, “रगात तपासायला जायाला पायजे. ह्या गोळीवर ताप आन् घसा संगट आला तर थांबायचं न्हाई. आजच.”

इतकंच. आवाज चढवला नाही, दोनदा सांगितलं नाही.

राजेश्वरीनं हातातला विळा खुंटीला अडकवला. लुगड्याचा खोचलेला काठ सोडला, पायात चप्पल घातली आणि गुंडाला जाऊन सांगितलं की तोड चालू करा, बांधावर म्हातारी बसंल, मी सांगलीला चाललीया. गुंडा बघतच राहिला. मालकीण रानात नसली तर वाढं, म्हणजे जनावरांना घालायचे उसाचे शेंडे, कोण उचलून नेईल आणि बुडखा किती वर ठेवून ऊस रानातच वाया घालवतील याचा नेम नसतो, हे त्याला सांगायची गरज नव्हती. तोच ते करणार होता. दगडाबाई उंबऱ्यातून म्हणाली की साध्या घशासाठी कुणी टोळी सोडून जातं का. राजेश्वरी अर्जुनाची मोटरसायकल मागून घेऊन आली आणि आकारामला मागं बसवून इस्लामपूरच्या स्टँडपर्यंत स्वतः चालवत गेली. ती मोटरसायकल चालवते हे गावाला त्या दिवशी कळलं. मेढ्याच्या घाटात शिकलेली विद्या होती.

सांगलीला मॅडमनी लगेच रक्त बघायला लावलं. पांढऱ्या पेशी चांगल्या होत्या. घसा साधाच होता. मॅडमनी त्यावर औषध दिलं आणि आलात हे बरं केलंत, असं आकारामला म्हणाल्या. राजेश्वरी या वेळी खाली रांगेला गेली नव्हती. आकारामच्या शेजारी बसून तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं.

परत येईपर्यंत संध्याकाळ झाली होती. अर्धं रान रिकामं झालं होतं. बुडखे वीतवीतभर वर ठेवून तोडले होते, आणि वाढं बांधावरून नाहीसं झालं होतं. दगडाबाई पदर डोक्यावर घेऊन बांधावर बसली होती. काय निघालं, असं तिनं विचारलं. काही निघालं नाही, असं राजेश्वरीनं सांगितलं.

“म्हंजे हेलपाटा फुकटच गेला की.”

“व्हय, आत्याबाई,” राजेश्वरी म्हणाली. “आसाच फुकट जाऊ दे दर वक्ताला.”

मग ती गुंडाकडे वळली. त्याच्या आईबापापासून सुरुवात करून बुडख्यांपर्यंत यायला तिला बराच वेळ लागला. आकाराम बांधावर म्हातारीशेजारी टेकला, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून घेतला आणि शांतपणे ऐकत बसला.